तळ्याच्या बर्फाचा चहा

पहिला घोट घेतला आणि मी कप परत बशीत ठेवला. चहा रोझालियाच्या हातचा होतो तसाच होता, आधी काळाकुट्ट आणि मग दुधाने कसाबसा माणसांत आलेला. पण घोट घशाखाली उतरेना. जिभेच्या अगदी मागे गवताची चव रेंगाळत होती, पाण्यात कुजून मऊ झालेल्या गवताची, आणि तिच्याखाली थोडी मातीची. खिडकीबाहेर याकुत्स्कची सकाळ थंडीच्या धुक्यात बुडालेली होती. समोरच्या इमारतीचे दिवे म्हणजे नुसते पिवळे डाग. खाली कुणीतरी गोठलेली गाडी सुरू करायचा हट्ट धरून बसला होता. सगळं रोजच्यासारखं होतं, फक्त चहातलं पाणी माझ्या नदीचं नव्हतं.

"तोंड असं का केलंस?" रोझालिया म्हणाली. "साखर राहिली का?"

"साखर मी कधी घेतो?"

"मग?"

"पाणी."

"पाण्याला काय झालंय? तुझ्याच गावचं आहे. काल विमानतळावरून पोतं खांद्यावर घालून आणलंस, जिन्यात शेजारणीला अडवून दाखवलंस. ती बिचारी अजून तुझ्या नदीचं कौतुक ऐकून थकलेली असेल."

ती खोटं बोलत नव्हती. दर नोव्हेंबरात माझी मोठी बहीण अकुलिना येणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात एक पोतं मारते आणि ते विमानाने आमच्याकडे येतं. त्यात नदीचा बर्फ, नदीचा मासा आणि लोण्याचा गोळा असतो. या शहरात नळाला लेना नदीचं पाणी येतं. लेना मोठी आहे, मानाची आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण ती रोझालियाच्या माहेरची. मी इंदिगिर्काच्या काठचा माणूस आहे, आणि जन्मभर नदीखात्याच्या कचेरीत बसून त्याच नदीचे नौकानकाशे काढले आहेत. कुठल्या वळणाला किती पाणी, कुठला वाळूचा पट्टा यंदा सरकला, मालाची बार्ज कुठल्या काठाने न्यायची, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. इतर बाबतींत माझ्या चुका रोझालिया रोज काढते आणि त्या बहुतेक खऱ्याही असतात. पाण्याच्या बाबतीत माझी चूक होत नाही. मी उठलो, अंगात कोट घातला आणि बाल्कनीत गेलो.

बाल्कनी काचेने बंद केलेली आहे आणि हिवाळाभर तीच आमचा शीतकक्ष असते. पोतं कोपऱ्यात उभं होतं. मी बर्फाचा तुकडा बाहेर काढून उजेडात धरला. नदीचा बर्फ निळसर असतो आणि आरपार दिसतो, कारण पाणी गोठता गोठताही चालत असतं, त्यात काही अडकून राहत नाही. या तुकड्यात पांढरे बुडबुडे होते, एकावर एक चढलेले, तळाच्या गाळातून वर येता येता जागच्या जागी पकडले गेलेले. रंग पिवळट. शेंबडं पोरही सांगेल की हा तळ्याचा बर्फ. मग मी पोतं तळापर्यंत उपसलं. घोड्याच्या फासळ्या होत्या, लोणी होतं, गोठवलेल्या काउबेरींची पिशवी होती. मासा नव्हता. एकही नाही. दरवर्षी माझा धाकटा भाऊ स्पिरिदोन हातभर लांबीचे मासे लाकडासारखे कडक गोठवून पोत्यात उभे रोवतो, त्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या असतात आणि विमानातले लोक कुरकुरतात. या वेळी पोतं नीट बांधलेलं होतं. हातातला तुकडा मी परत पोत्यात ठेवला.

याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या खारा-तुमुलमध्ये, आणि फक्त आमच्याच गावात, एक नियम आहे. बाकीच्या काठाचे लोक यावरून आम्हाला हसतात. आम्ही नदीला नावाने हाक मारत नाही, एबे म्हणतो, म्हणजे आजी. एबेने ज्या घरातलं माणूस नेलं आणि परत दिलं नाही, त्या घरात पुढच्या वसंतात बर्फ फुटेपर्यंत तिचं पाणी पीत नाहीत आणि तिचा मासा खात नाहीत. रुसायचं तर रीतसर रुसायचं. गावामागच्या तळ्यावर जाऊन बर्फ तोडायचा, त्याचाच चहा, त्याचाच रस्सा. आणि तोवर गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. नाव ऐकलं की एबेला आणखी कुणीतरी हवंसं वाटतं. त्यामुळे लांबच्या नातेवाइकांना कुणी कळवत नाही. ज्याला कळायचं त्याला चहात कळतं. एवढा शिकलो, एवढे नकाशे काढले, पण या नियमाला हसायची माझी कधी हिंमत झाली नाही.

कारण ही चव मला आधीपासून माहीत होती. मी लहान होतो, अकुलिना लग्नाच्या वयाला आलेली, आणि स्पिरिदोन तेव्हा झोळीत. ऑक्टोबरातला नवा बर्फ वरून पक्का दिसत होता. बाबा पलीकडच्या काठावर गवताच्या गंजी बघायला निघाला, आणि संध्याकाळी माणसं त्याची टोपी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आईने कुऱ्हाड उचलली आणि तळ्याच्या वाटेला लागली. त्या रात्रीच्या चहाला वास येत होता. मी सरळ म्हणालो, "आई, चहाला गवताचा वास येतोय," आणि अकुलिनाने टेबलाखाली मला असा चिमटा काढला की मांडीवरचा डाग आठवडाभर गेला नाही. तो सगळा हिवाळा आम्ही तसा चहा प्यायलो. स्पिरिदोनला तर पहिलं पाणीच तळ्याचं मिळालं, त्याला त्यात काही वावगं वाटत नसे, तो ओठ पुसून हसायचा. बाबा काय असतो हे त्याला कळायच्या आत बाबा नव्हता. चालायला त्याला मी शिकवलं, पोहायला मी शिकवलं, जाळ्याची गाठ कशी मारायची हे मी दाखवलं. आणि नंतर ती गाठ तो माझ्यापेक्षा चांगली मारायला लागला तेव्हा मीच त्याच्यावर चिडलो. आता ऑक्टोबर होऊन गेला होता, नवा बर्फ धरला होता, आणि बर्फाखाली सर्वांत आधी जाळी लावायला जाणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

मी स्पिरिदोनला फोन लावला. फोन बंद होता. मग अकुलिनाला लावला; उन्हाळाभर न लागणारी गावची लाइन आज लागली. मोठ्या बहिणीला आमच्याकडे एजी म्हणतात आणि एजीसमोर साठी उलटलेला माणूसही जरा वाकूनच बोलतो.

"एजी, पोतं मिळालं."

"बरं झालं. मांस खाल्लंस?"

"अजून नाही. चहा घेतला."

मग ती म्हणाली, "कसा होता?"

"तळ्याचा."

"हं. तुला कळणार होतंच, केशा. तुझ्या बायकोला नसतं कळलं."

"मी येतोय."

"ये. अंगावर काही धड घाल. शहरात राहून कातडी कांद्यासारखी झालीय तुझी."

मी थांबलो. एरवी अकुलिनाच्या फोनचा अर्धा वेळ स्पिरिदोनच्या तक्रारीत जातो. त्याने यंदाही लग्न केलं नाही, त्याच्या हातांना तेलाचा वास येतो, त्याने अंगणात इंजिनाचे तुकडे पसरून ठेवलेत आणि कोंबड्यांना पाय ठेवायला जागा नाही. त्या तक्रारींची मी वाट बघत राहिलो. तिने शेजाऱ्याच्या गाईबद्दल सांगितलं, थंडी लवकर आली म्हणाली, सरपण ओलं निघालं म्हणाली. भावाचं नाव तिने घेतलं नाही. मी विचारू शकत नव्हतो आणि ती सांगू शकत नव्हती. आम्ही दोघं त्या नावाभोवती पाय जपून टाकत राहिलो, आणि मग लाइन तुटली.

"अरे, सरळ विचारायचं ना तिला!" रोझालिया म्हणाली. तिला मी सगळं सांगितलं होतं.

"विचारायचं नसतं."

"आमच्याकडे माणूस गेला की सांगतात. लोक येतात, रडतात, जेवतात. तुमच्या गावात लोकांना बर्फ चाखून सुतक कळतं. शिकलेला माणूस तू!"

"शिकलेला आहे म्हणूनच सांगतो. मासा नाही, बर्फ तळ्याचा, फोन बंद, नाव नाही. याचा दुसरा अर्थ काढून दाखव."

तिने दुसरा अर्थ काढायचा प्रयत्न केला. मासा पडला नसेल. नदी नीट गोठली नसेल. बहीण म्हातारी झाली, तळं जवळ आहे. मी एकेक खोडून काढत गेलो, जसा कचेरीत नवशिक्याचा नकाशा खोडायचो तसा, आणि खोडताना मनातून म्हणत होतो की बाई, एखादा तरी असा काढ जो मला खोडता येणार नाही. तिला तो सापडला नाही. मग ती आत गेली आणि दुःखाच्या घरी न्यायचं सामान बांधू लागली, चहापत्ती, लोणी, मेणबत्त्या. बांधताना ती रडत होती, आणि मला रडू येत नाही म्हणून माझ्यावर चिडतही होती.

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. जुनं, पंख्यांचं, प्रवाशांच्या पायांत टायर आणि औषधांची खोकी. मला खिडकी मिळाली होती, पण मी बाहेर बघितलं नाही. अशा वेळी लोक प्रार्थना करतात. मी नदी म्हणतो. लहानपणापासूनची सवय आहे, भीती वाटली की उगमापासून सुरू करायचं आणि समुद्राला मिळेपर्यंत थांबायचं नाही. उंच थंड पठारावर दोन ओढे एकत्र येतात तिथून मी सुरू केलं. तिथे हिवाळ्यात थंडी अशी असते की माणसाला स्वतःचा श्वास गोठताना ऐकू येतो. मग डोंगर येतात. आमची एबे डोंगराला वळसा घालत बसत नाही, ती सरळ त्याच्यातून जाते. कड्यांच्या मधल्या त्या खिंडीत पाणी असं उसळतं की तिथे होडी घालणाऱ्यांच्या गोष्टी दुसरेच लोक सांगतात. खिंडीखाली मोमा नदी मिळते. तिच्या खोऱ्यात बर्फाचं एक मैदान आहे, भर उन्हाळ्यातही न वितळणारं, आणि जुलैत हरणं माश्यांपासून जीव वाचवायला त्यावर जाऊन उभी राहतात. हे सगळं मी पायांनी मोजलेलं आहे.

मग माणसं येतात. नदीचं परक्यांच्या नकाशातलं नाव एवेन लोकांच्या एका कुळावरून पडलंय. रेनडिअर घेऊन ते या काठाने फिरायचे तेव्हा नकाशा नावाची वस्तूच इथे नव्हती. आमचे याकूत लोक दक्षिणेकडून घोडे आणि गाई घेऊन आले, आणि जिथे गाय जगूच शकत नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं तिथे त्यांनी गाय जगवून दाखवली. झारचे कोसॅक सैनिक सेबल नावाच्या लहान प्राण्याच्या मौल्यवान कातड्यांच्या मागे आले आणि त्यांनी काठावर लाकडी किल्ला बांधला. त्याचं शहर झालं, झाशिव्हर्स्क. तिथे जत्रा भरायची, हजार कोसांवरून माल यायचा, पाद्री होता, अंमलदार होता. मग देवीची साथ आली, पुन्हा आली, आणि शहर हळूहळू रिकामं झालं. घरं कुजली. एक लाकडी चर्च तेवढं उरलं होतं, तेही लोकांनी ओंडका ओंडका सुटा करून दूरच्या शहरातल्या संग्रहालयात नेलं. आता तिथे लार्चची झाडं आहेत. तरुणपणी त्या काठाला आमची मोजणीची होडी लावली तेव्हा मी पाण्याकडे बघून म्हणालो होतो की तू मात्र आहेस. माझा साहेब हसला होता. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आत्ताही वाटतं की शहर, झार, साथ, जत्रा हे सगळे नदीवर येऊन गेलेले पाहुणे. घर तिचं. आणि तरीही, विमान खाली उतरायला लागलं तेव्हा मी सपाट प्रदेशापाशी पोहोचलो होतो, जिथे ती हजारो तळ्यांमधून वळणं घेत सुस्तावते, आणि आमच्या गावचं वळण आलं तसा मी अडखळलो. त्या वळणावरून मी उडी मारली आणि थेट समुद्राजवळच्या फाट्यांवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी नदी मध्ये तोडली, आणि तेव्हा कुठे माझे डोळे भरून आले.

धावपट्टीवर उणे चाळीस होतं. दुःखाच्या घरी जाणाऱ्याने टोपीचे कान, म्हणजे कान झाकणाऱ्या पट्ट्या, सोडून ठेवायचे, बांधायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. मी शिडीवरच माझे कान सोडले. हातात रोझालियाने बांधलेलं गाठोडं होतं. समोरच्या पत्र्याच्या शेडपाशी बर्फगाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकीवर एक माणूस बसून न पेटवलेली सिगारेट चावत होता, आणि तो स्पिरिदोन होता.

तो उठून माझ्याकडे आला. त्याची नजर माझ्या टोपीवर गेली, मग गाठोड्यावर, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उबाय," तो हळूच म्हणाला. थोरल्या भावाला आम्ही उबाय म्हणतो. "कोण गेलं?"

मी गाठोडं खाली टाकलं आणि त्याला छातीवर एक गुद्दा मारला, मग आणखी एक. जाड कोटातून त्याला काही लागलं नसणार.

"तू," मी म्हणालो. "तू गेलास, गाढवा."

"मी?" त्याने स्वतःकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कधी? मला कुणी काही बोललं नाही."

मी हसायला लागलो आणि रडायलाही लागलो. गालांवर पाणी लगेच गोठत होतं आणि तो आपल्या तेलकट हातमोज्याने ते पुसत होता. शेडपाशी उभी असलेली माणसं तोंड फिरवून उभी राहिली. मी त्याला सांगितलं, बर्फ, बुडबुडे, मासा, फोन, नाव न घेणं. तो ऐकत गेला आणि हळूहळू खाली बर्फगाडीवर बसला.

"म्हणजे तुला माहीतच नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आमच्या आधी तुला कळलं असेल. नदीखात्याचा माणूस तू. तुमचे उपग्रह वरून बघतात म्हणे."

"पेन्शनीत निघालेल्या माणसाला उपग्रह काही दाखवत नाहीत. कोण गेलं, स्पिरिदोन?"

"एबे गेली."

मे महिन्याच्या शेवटी बर्फ फुटला, तो सांगत होता, आणि गावाजवळच्या बेटाच्या वरच्या टोकाला अडकला. घराएवढाले तुकडे एकमेकांवर चढले. पाणी मागे तुंबत गेलं, अंगणात आलं, लोक छपरांवर बसले. आमच्या वळणाच्या दोन टोकांमध्ये जमिनीची अरुंद मान होती, तिथे आम्ही लहानपणी ससे पकडायचो. तुंबलेलं पाणी त्या मानेतून आरपार गेलं. एका दिवसात अंगणातलं पाणी उतरलं. लोकांनी खाली येऊन एकमेकांना मिठ्या मारल्या. आठवडाभराने कुणाच्या तरी लक्षात आलं की गावासमोरचं पाणी आता चालत नाही. उन्हाळ्यात बार्ज गावाला लागली नाही, ती नव्या पात्रातून सरळ पुढे गेली. भोंगा मात्र वाजवला.

"मग एजी?"

"एजीने कुऱ्हाड घेतली आणि तळ्यावर गेली. म्हणते, एबेने आमचं माणूस नेलं की आम्ही तिचं पाणी सोडतो, आता एबेलाच कुणीतरी नेलंय, मग काय करायचं? अर्धं गाव तिच्यामागे लागलंय. मी नव्या पात्रावर झोपडी घातली, जाळी टाकली. फोन तिथे लागत नाही. तेव्हापासून ती माझा मासा शिवत नाही आणि माझं नावही घेत नाही. मी म्हणे सुतकाच्या घरातून उठून दुसऱ्याच्या लग्नाला गेलो." त्याने सिगारेट थुंकली. "काल मात्र शेजारच्या पोरीकडून निरोप धाडला, केशा येतोय, आणायला जा म्हणावं त्याला. 'त्याला' म्हणजे मला."

बर्फगाडीवर त्याच्या पाठीला चिकटून बसलो तेव्हा मला थंडी वाटत नव्हती. त्याच्या कोटाला पेट्रोलचा आणि माशाचा वास येत होता आणि मी तो वास मुद्दाम ओढून घेत होतो. झुडपं, तळी, पुन्हा झुडपं सरकत गेली. क्षितिजावर सूर्य अर्धा वर आला होता आणि यापेक्षा जास्त यायचा त्याचा विचार नव्हता. माझ्या डोक्यात नकाशा आपोआप बदलत होता. वळणाचं वरचं तोंड आता गाळाने भरत जाईल, मग खालचं. काही वर्षांत गावासमोर कोयत्याच्या आकाराचं तळं होईल. मी शेकडो अशी तळी कागदावर काढली आहेत, निळ्या शाईने, त्यांना नंबर दिलेत. नंबर देताना कुणी तिथे राहत असेल असं काही मनात आलं नव्हतं, आणि यायचं कारणही नव्हतं. भाऊ जिवंत होता. जगातल्या सगळ्या नद्यांनी वाटेल तिथे जावं.

गावाच्या काठावर गाडी थांबली तेव्हा मात्र मी उतरून पात्राच्या कडेपर्यंत गेलो. काठ तोच होता, उलट्या घातलेल्या होड्या त्याच होत्या. समोर पात्र पसरलेलं होतं, रुंद, पांढरं आणि सपाट. नदीचा बर्फ कधी सपाट नसतो, खालचं पाणी त्याला ढोसत असतं, त्याला कडा येतात, तो रात्री कण्हतो. हा बर्फ गप्प होता. पाण्याने तळापर्यंत गोठून घेतलं होतं.

अकुलिना दारात उभी होती. पहिल्यापेक्षा बारीक झाली होती, पण हनुवटी तशीच वर. तिने माझ्या टोपीकडे बघितलं.

"कान सोडलेस. बरं केलंस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं शहरात रीत विसरला असशील."

"मी एबेसाठी नव्हते सोडले," मी म्हणालो.

तिने चहा ओतला. तोच चहा. मी आणि ती टेबलाशी बसलो, स्पिरिदोन दाराशी उभा राहिला, कारण त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी तिला समजावायला घेतलं आणि मला मनापासून खात्री होती की मी तिला पटवणार, हे माझं क्षेत्र आहे. मी सांगितलं की एबे मेलेली नाही. ती सरकली. ती सारखी सरकते, हजारो वर्षं सरकते आहे. गावामागच्या ज्या तळ्यातून तू बर्फ तोडतेस ना, ते तिचंच जुनं पात्र आहे. त्या आधीही एक होतं, त्या आधीही. आपण जन्मभर तिच्या जुन्या बिछान्यांमध्ये गाई चारल्या. तिने कप खाली ठेवला.

"हे मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

"मग?"

"मग काय? मेली काय आणि दुसऱ्याच्या अंगणात नांदायला गेली काय, मला काय फरक? सकाळी दार उघडते तर समोर नाही. हाक मारावी तर कुणाला? बाबा तिच्यात होता. आई गेल्यावर मी रोज तिथे जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलायची. आता त्या बर्फाखाली चिखल आहे. चिखलाशी बोलू?" तिचा आवाज चढला. "आणि हा! हा दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन तिकडे!"

माझ्याजवळ नदीबद्दल अजून पुष्कळ होतं, गाळाचं, उताराचं, पुराचं, आणि त्यातलं काहीच या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. मग माझ्या तोंडून निराळंच निघालं.

"एजी, मी काल याला पुरला."

तिने मान वर केली.

"तुझा बर्फ चाखला आणि याला मनात पुरला. मासा नव्हता, फोन लागत नव्हता, तू नाव घेतलं नाहीस. मी एवढा खात्रीचा माणूस, मला एक क्षणसुद्धा शंका आली नाही. रोझालियाने मेणबत्त्या बांधून दिल्या. विमानात मी नदी म्हणत होतो आणि आपलं वळण मला म्हणता आलं नाही. खाली उतरलो तर हा सिगारेट चावत बसलेला. तो कुठेही गेला नव्हता, एजी. जरा पलीकडे राहायला गेला होता, बस. तुझ्यामुळे मी जिवंत माणसाचं सुतक केलं. तू कुणाचं करतेयस ते बघ."

ती स्पिरिदोनकडे बघू लागली. त्याच्या तेलकट हातांकडे, फाटलेल्या कोटाच्या खांद्याकडे. तिच्या डोळ्यांत भीती आली, तिने काय पाठवलं होतं हे आत्ता कळल्यावरची. माझ्या लहानपणी बाबाची टोपी घेऊन माणसं आली तेव्हा मी ती तिच्या डोळ्यांत पाहिली होती. मग ती ताडकन उठली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे आहे ती?" ती म्हणाली. "दाखवा."

आम्ही तिला बर्फगाडीमागच्या घसरगाडीवर रेनडिअरच्या कातड्यांत गुंडाळून बसवलं. मान जिथे फुटली होती तिथे काठ अजून जखमेसारखा उघडा होता, लार्चची झाडं मुळांसकट पाण्याकडे वाकलेली, काही बर्फातच उभी. आणि मधोमध नवं पात्र. अरुंद, कडा उभ्या राहिलेलं, निळं. आम्ही इंजिन बंद केलं तेव्हा बर्फ खालून एकदा कण्हला. अकुलिना उतरली. कुणाचा हात न घेता ती कडेपर्यंत गेली.

परक्या नदीवर पहिल्यांदा गेलं की आपण आपलं नाव सांगायचं असतं, बापाचं सांगायचं, गाव सांगायचं. नाहीतर ती आपल्याला ओळखत नाही. मी मोजणीच्या निमित्ताने कितीतरी नद्यांना माझं नाव सांगितलंय. अकुलिनाने आयुष्यात एकच नदी बघितली होती आणि तिला कधी नाव सांगायची वेळ आली नव्हती. ती ताठ उभी राहिली. हातमोजा काढला, गुडघे टेकून उघडा हात बर्फावर ठेवला, आणि शाळेत नाव पुकारल्यावर मुलगी बोलते तशा मोठ्या आवाजात म्हणाली,

"मी अकुलिना. प्योत्रची मुलगी. खारा-तुमुलची."

वारा नव्हता. ती थांबली. मग मागे न बघता हाताने आमच्याकडे खूण केली.

"हे दोघे माझे भाऊ. नीट बघून ठेव. यांना घ्यायचं नाही."

ती उठली, गुडघे झटकले, हातमोजा घातला. उन्हाळ्यापासून जे नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं ते तिने अगदी रोजच्या चिडक्या आवाजात घेतलं.

"स्पिरिदोन, उभा काय राहिलास? पहार आण."